‘तारण’ शब्दाचे दोन अर्थ : निजामी मराठवाड्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा एक अध्याय

मराठीत ‘तारण’ हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या व्यवहारांत चालतो. सावकाराच्या पेढीवर कर्जाच्या हमीसाठी जे गहाण पडते, ते तारण. आणि ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत पापापासून व मरणाच्या भयापासून जी सुटका सांगितली जाते, तेही तारणच. पहिल्या व्यवहारात माणूस आपल्याजवळचे काही दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. दुसऱ्यात दुसराच कोणी त्याच्यासाठी स्वतःला स्वाधीन करतो. बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनी हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यांच्या मनात पेढीवरचा अर्थ होता की नव्हता, हा प्रश्न गौण आहे. ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ होते, आणि निजामी मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ही नवी शिकवण ऐकली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिल्या अर्थाशी परिचय फार जुना व फार कडू होता. या प्रदेशातील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास पाहताना हे दोन अर्थ एकमेकांपासून अलग करता येतात काय, आणि कोणाला ते अलग करणे परवडते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळा झाला; परंतु हिंगोली हे नाव त्यापूर्वी दीड शतकाहून अधिक काळ दखनच्या लष्करी इतिहासात परिचित होते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी जी फौज १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली, तिच्या प्रमुख छावण्यांत औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद यांच्या बरोबरीने हिंगोलीची गणना होत असे. या भागातील लोकांना ख्रिस्ती माणूस प्रथम दिसला, तो बहुधा अशा छावणीतच. आणि तो उपदेशक म्हणून नव्हे, तर बंदोबस्त करणारा म्हणून. धर्म आणि संरक्षण या दोन कल्पनांची सांगड लोकांच्या मनात तेव्हापासूनच बसली असल्यास नवल नाही.

या बंदोबस्ताची किंमत केवढी होती, हे सांगणारी एक हकीकत हिंगोलीचीच आहे. फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांवर लिहिलेली कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या हिंगोलीच्या वास्तव्यातील एक घटना नमूद केली आहे. १८३० च्या आसपास छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. स्वतः टेलरनेही त्याच्याशी देवघेव केली होती. मुंबईहून कापड आणावयाचे आहे, असे सांगून त्याने मुलकी अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना मिळविला. वस्तुतः ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते व तो ते घेऊन वाटेवर होता, हे हरीसिंगास ठाऊक होते. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्यास व त्याच्या माणसांना ठार केले, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबुली दिली नसती, तर ही गोष्ट कधीच उजेडात आली नसती. ठगांचा म्होरक्या छावणीच्या तोफांच्या सावलीत दुकान थाटून बसला होता आणि त्याच्या हातात त्या छावणीचाच शिक्का होता. संरक्षणाच्या साधनांतूनच घात व्हावा, याचे याहून बोलके उदाहरण त्या काळच्या कागदपत्रांत क्वचितच सापडेल.

१९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन करण्यात आली आणि हिंगोलीचे लष्करी महत्त्व संपले. राहिली ती युरोपियनांची थडगी. निजामाच्या राज्यातील थडग्यांवरील लेखांची जी यादी १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हिंगोलीचाही समावेश आहे. या थडग्यांखाली विसावलेल्यांचा धर्म ख्रिस्ती होता. परंतु मराठवाड्याच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास त्यांच्यापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो, तो हिंगोलीच्या पश्चिमेस, कंटिंजंटच्याच दुसऱ्या छावणीच्या गावी, म्हणजे जालन्यास. आणि त्याचा प्रवर्तक युरोपियन नसून एक महाराष्ट्रीय ब्राह्मण होता.

नारायण शेषाद्री हे मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. डॉ. जॉन विल्सन आणि रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट हे तेथील प्रमुख अध्यापक. पैकी नेस्बिट यांच्या अस्खलित मराठीची त्या काळी ख्याती होती. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. हे वर्ष दोन्ही पक्षांना जड गेले. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून सुमारे पावणेपाचशे धर्मगुरू आपली वेतने, घरे व उपासनामंदिरे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्चची स्थापना केली. ही वार्ता मुंबईस येताच विल्सन व नेस्बिट यांनीही त्यांचाच मार्ग धरला. म्हणजे ज्यांच्या हातून शेषाद्रींची दीक्षा झाली, ते स्वतःच त्या सुमारास संस्थेचे छत्र गमावून बसले होते. मिशनरी हे नेहमीच भरल्या तिजोरीवर बसून लोकांना बोलावीत असत, अशी जी समजूत आहे, तिला निदान या प्रसंगी आधार नाही.

शेषाद्रींचे स्वतःचे नुकसान अर्थातच अधिक खोल होते. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात धर्मांतरित मुलगा हा मेलेल्यात जमा होई. घर, वारसा, विवाहसंबंध, पंगत, अंत्यविधी, सर्व एका दिवसात संपे. त्यातच त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याचे प्रकरण उद्भवले. बारा वर्षांचा हा मुलगा वडील भावामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा वडिलांकडे दिला. मुलगा घरी आला. परंतु जातीत कसा येणार? त्याने मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रतिपादिले, आणि सनातनी पक्षाने त्यांच्यावरच गहजब केला. शुद्धीच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे या प्रकरणाचे स्मरण बाळशास्त्रींच्या औदार्यासाठी करतात, ते योग्यच आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एका बारा वर्षांच्या पोराला न्यायालयाने बाप परत दिला. समाज परत देण्याचे सामर्थ्य मात्र न्यायालयापाशी नव्हते.

कायद्याने पुढे या बाबतीत काही पावले टाकली. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकले गेल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही, अशी तरतूद केली. १८६६ च्या, योगायोगाने तोही एकविसावाच, कायद्याने ज्या धर्मांतरितास पत्नीने वा पतीने टाकले असेल त्यास विवाहबंधनातून मोकळे होण्याची वाट करून दिली. परंतु हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. निजामाच्या राज्यात त्यांचा अंमल नव्हता. म्हणून नारायण शेषाद्री १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेऊन पुढील दशकात जेव्हा जालन्याकडे वळले, तेव्हा ते आपल्या पाठीशी असलेल्या तुटपुंज्या कायदेशीर संरक्षणाच्याही बाहेर पाऊल टाकीत होते. मुंबईत राहून विद्वान पाळक म्हणून मान मिळविणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी जालना निवडले, आणि तेथेही आपल्या बरोबरीच्या वर्णाचे लोक न निवडता मुख्यतः मांग समाजाकडे मोर्चा वळविला. या निवडीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही.

मांग समाजाची तत्कालीन स्थिती सांगण्यास बाहेरच्या साक्षीची गरज नाही. जोतीराव फुले यांच्या पुण्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त, म्हणजे १८४२ पासून चाललेल्या ख्रिस्ती नियतकालिकातच, छापून आला. त्यात तिने सांगितलेली एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. मोठमोठ्या वाड्यांच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून पुरीत असत, असे ती लिहिते. वाडा टिकावा, म्हणून पायाखाली माणूस. दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आपण स्वतः गाडले जाणे, ही ज्या समाजाची आठवण होती, त्यातील एक मुलगी त्याच निबंधात असाही प्रश्न करते की आमचा धर्म तरी कोणता, आणि ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाही त्यांनी कोणत्या पुस्तकाप्रमाणे वागावे. हा प्रश्न पुण्यात विचारला गेला. परंतु परभणी, जालना, हिंगोलीकडच्या मांगवाड्यांत तो त्याहून कमी तीव्र नव्हता. गावचे दोर वळावेत, वाजंत्री वाजवावी, राखण करावी, आणि चोरी झाली की प्रथम संशय मात्र आपल्यावर घ्यावा, असा त्यांचा गावगाड्यातील हिस्सा होता.

निजामी मराठवाड्यात याला कर्जाची जोड होती. पुणे व नगर जिल्ह्यांत १८७५ साली कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. निजामाच्या हद्दीत त्या कायद्याचा स्पर्श नव्हता. येथे मारवाडी पेढीखेरीज रोहिले आणि अरब हेही कर्ज देत व वसुलीसाठी त्यांच्या कमरेला हत्यार असे. ज्याच्याजवळ जमीन होती, तो जमीन गहाण टाकी. ज्याच्याजवळ तारण ठेवण्यासारखे काहीच नव्हते, तो स्वतःला ठेवी. लग्नासाठी किंवा दुष्काळात घेतलेल्या थोड्याशा रकमेपोटी धन्याच्या घरी वर्षानुवर्षे राबणाऱ्या या माणसास निजामी राज्यात ‘भगेला’ म्हणत. बापाच्या कर्जापोटी मुलगा, आणि मुलाच्या पश्चात नातू, असा हा क्रम चाले. ही प्रथा इतकी दृढ होती की तिला आळा घालण्यासाठी हैदराबाद सरकारला १९३६ साली खास नियम करावा लागला.

अशा माणसाच्या कानावर ख्रिस्ती उपदेश पडला, तेव्हा त्याने काय ऐकले असेल? मराठी बायबलात ख्रिस्ताच्या मरणाला ‘खंडणी’ हा शब्द योजिलेला आहे. पुष्कळांच्या मोबदल्यात एकाने स्वतःचा प्राण खंडणी म्हणून दिला, ही शिकवण सुशिक्षित धर्मांतरिताला तत्त्वज्ञानाचा विषय वाटे; तीवर त्याने विल्सनसाहेबांशी वाद घातला असेल, ग्रंथ चाळले असतील, रात्री जागविल्या असतील. भगेल्याला त्यात तत्त्वज्ञान शोधण्याचे कारण नव्हते. कर्ज कोणाचे आणि त्यापोटी देह कोणाचा, हा त्याच्या घरचा रोजचा हिशेब होता. त्या हिशेबात कोणी तिऱ्हाइताने येऊन सर्व रोखा फेडला आणि त्याबद्दल आपल्याकडून काहीही लिहून घेतले नाही, ही वार्ता त्याला अपूर्व वाटली असली पाहिजे. कोणा मांग श्रोत्याने हे लिहून ठेवलेले नाही, कारण त्यास लिहिता येत नव्हते; परंतु ज्या भाषेत त्याने ती वार्ता ऐकली, त्या भाषेचीच ही साक्ष आहे.

शिवाय ‘शरण जाणे’ ही कल्पना या भूमीला परकी नव्हती. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि जवळच्याच औंढा नागनाथाच्या देवळाशी त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा जोडलेली आहे. देवाचे नाव हाच आसरा, हे शतकानुशतके येथील वाळवंटांत आणि पारांवर गाइले गेले होते. ख्रिस्ती उपदेशकांनी हे वेळेवर ओळखले. अहमदनगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा घाट ख्रिस्तकथेला दिला. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाचा घाट दिला. तेव्हा श्रद्धेची परिभाषा मराठवाड्यातील श्रोत्यास नवी शिकावी लागली नाही. नवे होते ते एवढेच, की त्या आसऱ्याच्या दारात आत येऊ नको असे त्याला कोणी म्हटले नाही. चोखामेळ्याला पंढरपुरात महाद्वाराबाहेर थांबावे लागले होते, हे मांगवाड्यातही ठाऊक होते.

जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी जी वसाहत उभारली, तिचे नाव बेथेल. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी या कामासाठी सुमारे आठशे एकर जमीन दिली. १८५३ पासून १८८३ पर्यंत राज्याचा कारभार चालविणारा हा मुत्सद्दी स्वतः मुसलमान; जमीन मागणारा ब्राह्मणकुलोत्पन्न ख्रिस्ती; आणि तीवर वसणारे मांग. मराठवाड्याच्या इतिहासात असे तिहेरी संगनमत दुसरे आढळत नाही. जमिनीवर चर्च व शाळा उभी राहिली, शेती सुरू झाली, घरे बांधली गेली. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना प्रथमच स्वतःचे गाव मिळाले, ज्याला दुसऱ्या कोणाचे गावकूस नव्हते. पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहत विहिरीच्या काठी उभे राहणे ज्यांच्या नशिबी होते, त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

वसाहतीच्या नावाची निवड विचारपूर्वक झाली होती, असे दिसते. बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची कथा आहे. भावाच्या रागाला भिऊन घरातून पळालेला हा तरुण रानात रात्र पडल्यावर उशाला धोंडा घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला स्वर्गास भिडलेली शिडी दिसते, आणि तू जेथे जाशील तेथे मी तुला सांभाळीन, असे देवाचे आश्वासन मिळते. सकाळी उठून तो त्या जागेस बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. घर तुटलेल्या शेषाद्रींना ही कथा आपली वाटली असेल, आणि ज्यांना घर कधी नव्हतेच त्या मांगांना ती आपली वाटावी, अशी त्यांची इच्छा असेल. परंतु कथेचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. याकोब लगेच एक नवस करतो, आणि तो नवस सशर्त आहे. देवाने प्रवासात राखले, खावयास अन्न व नेसावयास वस्त्र दिले, आणि सुखरूप परत आणले, तर तो माझा देव होईल, असे तो म्हणतो. म्हणजे बेथेल ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या कुलपतीची श्रद्धादेखील भाकरीच्या प्रश्नापासून सुरू झाली होती.

‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा आक्षेप या संदर्भात तपासला पाहिजे, कारण बेथेलसारख्या प्रत्येक वसाहतीवर तो घेतला गेला आणि आजही घेतला जातो. त्यात तथ्यांश नाही, असे नाही. १८७६ ते १८७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर महाराष्ट्रातील मिशनांच्या नोंदवह्यांत बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे मिशनऱ्यांनीही लपविलेले नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना या गर्दीची धास्तीच वाटे. पण आक्षेप घेणाऱ्याने एका गोष्टीचा विचार केलेला नसतो. श्रद्धा शुद्ध असावी, तिच्यात अन्नवस्त्राची भेसळ नसावी, ही कसोटी पोट भरलेल्या माणसाने लावलेली आहे. ब्राह्मण धर्मांतरितापाशी गमावण्यासारखे पुष्कळ होते. म्हणून त्याचे धर्मांतर त्यागाच्या तेजाने झळकते. मांगापाशी गमावण्यासारखे नव्हते, म्हणून त्याचे धर्मांतर लोभ ठरते. एकाच पाण्याने झालेल्या दोन बाप्तिस्म्यांना असे दोन भाव लावणे, हा जातिभेदाचाच एक सूक्ष्म प्रकार होय. शिवाय मांगापाशी गमावण्यासारखे काहीच नव्हते, हेही खरे नाही. गावगाड्यातील बलुते, धन्याचा आश्रय, सोयरीक, मरीआईच्या जत्रेतील मान, हे सर्व त्यालाही सोडावे लागे. आणि ते थोडे होते म्हणूनच त्याला ते सोडणे जिवावरचे होते.

उलट बाजूने, भरपूर गमावून आलेल्या माणसालासुद्धा धर्म बदलताक्षणी स्थैर्य लाभत असे, असेही नाही. याची अत्यंत प्रामाणिक साक्ष पंडिता रमाबाईंनी दिली आहे. त्यांचे आईवडील पुराण सांगत तीर्थयात्रा करणारे; १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने दोघांचाही अंत झाला. तीर्थे, दाने, उपास, जे म्हणून शास्त्राने सांगितले ते सर्व त्या कुटुंबाने केले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. तो आठ वर्षांनंतर मिळाला. या आत्मनिवेदनाला त्यांनी जे शीर्षक दिले, त्याचा अर्थ ‘अक्षय ठेवा’ असा होतो. ज्या बाईने बापाची संपत्ती दानधर्मात संपताना आणि मग बापालाच उपाशी मरताना पाहिले, तिने न संपणाऱ्या ठेव्याची भाषा वापरावी, ही अलंकारिक लेखनाची गोष्ट नव्हे. आणि तो ठेवा मिळाल्यावर त्यांनी काय केले? १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात व १९०० मध्ये गुजराथेत जाऊन उपाशी मुली गोळा केल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना प्रथम जेवू घातले. आत्म्याचे तारण आणि देहाचे तारण यांतील भेद ज्यांनी महाराष्ट्रात सर्वांत स्पष्ट ओळखला, त्यांनी व्यवहारात ते दोन्ही एकाच छपराखाली ठेवले.

नारायण शेषाद्रींची कीर्ती पुढे दूरवर पसरली. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे बांधलेले हे पाळक उभे राहिले, तेव्हा अमेरिकन श्रोत्यांना त्यांच्याविषयी मोठे कुतूहल वाटले. १८९१ साली समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला. सालारजंग त्यापूर्वी आठ वर्षे निवर्तले होते. बेथेलची उभारणी या दोन माणसांच्या परस्परविश्वासावर झालेली होती, आणि येथेच तिचे दौर्बल्य होते. दिवाणाची मर्जी हा हक्क नव्हे. ब्रिटिश हद्दीतील धर्मांतरितास कायद्याचा जो अपुरा का होईना पण लेखी आधार होता, तो जालन्याच्या माणसास नव्हता. त्याची भिस्त दिवाणाच्या सौजन्यावर, छावणीच्या शेजारावर आणि मिशनच्या वर्गणीवर होती. पैकी पहिला आधार १८८३ मध्ये गेला. कंटिंजंट १९०३ मध्ये संपली. आणि मिशनच्या वर्गण्या स्कॉटलंडमधील देणगीदारांच्या उत्साहाप्रमाणे कमीजास्त होत राहिल्या. मंडळी मात्र राहिली. जालन्यात मिशनचे रुग्णालय पुढे नावारूपास आले, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी सत्ता संपल्यानंतरही उपासनेच्या घंटा वाजत राहिल्या. हे सातत्य केवळ आर्थिक कारणांनी समजावून देणे कठीण आहे. भाकरीचा पुरवठा आटल्यावर भाकरीसाठी आलेला माणूस जातो, आणि पुष्कळ जण तसे गेलेही. जे राहिले, त्यांच्या राहण्याचे कारण त्यांच्या श्रद्धेतच शोधावे लागते.

याच समाजाच्या सुरक्षिततेविषयी सर्वांत कठोर प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. १९३८ च्या जानेवारीत सोलापूर येथे ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलताना त्यांनी ख्रिस्ताच्या शिकवणुकीविषयी आदर व्यक्त केला, पण त्याबरोबरच ख्रिस्ती समाज आपल्यावरील सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा देत नाही, हा दोषही पदरात घातला. त्यांच्या मते अस्पृश्यतेतून आलेल्या माणसास मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, परंतु हक्कासाठी झगडण्याची सवय दिली नाही. बेथेलचा इतिहास पाहता हा आक्षेप टाळता येत नाही. तेथे जमीन मागून मिळाली होती, भांडून नव्हे. आणि मागून मिळालेल्या वस्तूच्या रक्षणासाठी भांडावे कसे, हे त्या पिढीस कोणी शिकविले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बुद्धाला शरण जाण्याचा मार्ग दाखविला, तेव्हा मराठवाड्यातील महार समाज बहुसंख्येने त्या मार्गाने गेला. मांगांचा मोठा भाग हिंदू राहिला. ख्रिस्ती झालेले या दोन्ही प्रवाहांत एका बाजूस पडले.

ते आणखी एका कारणाने बाजूस पडले होते. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा जो आदेश काढला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदान्वये हिंदूखेरीज अन्य धर्माच्या माणसास अनुसूचित जातीचा मानता येत नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. या प्रश्नाच्या चौकशीसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. स्वतंत्र भारतात शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ हे दुर्बलांच्या ऐहिक सुरक्षिततेचे मुख्य साधन ठरले. आणि नेमके तेच बाप्तिस्म्याच्या दिवशी हातचे जाते. शंभर वर्षांपूर्वी ज्याच्यावर पोटासाठी धर्म बदलल्याचा आरोप झाला, त्याचा पणतू आज धर्म राखण्यासाठी पोटावर पाय देतो, असे म्हटल्यास ते अक्षरशः खरे आहे. आक्षेपकांनी या बदललेल्या हिशेबाची दखल घेतल्याचे दिसत नाही.

या स्थितीचा एक परिणाम कागदपत्रांत उमटला आहे व तो संशोधकास गोंधळात पाडतो. अशा कुटुंबांत पुष्कळदा एकाच माणसाच्या दोन नोंदी असतात. चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याचे नाव, पाळकाची सही आणि धर्मपित्याची साक्ष. शाळेच्या दाखल्यावर मात्र ‘हिंदू मांग’. शिरगणती करणारा दुसरी नोंद प्रमाण मानतो, मिशनचा इतिहास लिहिणारा पहिली. जिल्ह्याजिल्ह्यांतील ख्रिस्ती लोकसंख्येचे जे आकडे छापले जातात, ते या दुहेरी नोंदींतूनच निघालेले असतात. त्यावरून या प्रदेशात ही श्रद्धा किती रुजली, याचा अंदाज बांधू पाहणाऱ्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. आणि शाळेच्या दाखल्यावरची नोंद बापाने कोणत्या वर्षी, मुलाला कोणत्या इयत्तेत घालताना करविली, तेही पाहिले पाहिजे.